सातव्याची लांबी

जुलै. पाम्पावर पहाटे गवत कडक होतं, पावलाखाली मोडतं.
नेल्दा इराझोकी शेगडी पेटवते,
येर्बाचा पहिला कडू घोट मोरीत ओतून देते
आणि हात धुते. साबणाने, दोनदा, सुईण धुते तसे.
"घामातलं मीठ पोलादाला लागतं," तादेओला सांगते.
"आज दिसत नाही.
दिसतं तेव्हा इंजिनाचे तुकडे गोळा करत असतो आपण."

फ्लॅनेलवर बारा बोल्ट.
सहा सिलिंडर, दर कनेक्टिंग रॉडला दोन, करंगळीएवढे.
मायक्रोमीटर रात्रभर त्यांच्या शेजारीच निजवलेला,
म्हणजे सगळ्यांना सारखीच थंडी वाजेल.

अति ताणलं की तुटतं, हे कुणीही सांगेल.
पण हा बोल्ट ढिला राहिला तरी तुटतो.
नीट ताणून बसवला
तर पिस्टनचा हिसका त्याच्यापर्यंत फारसा पोचत नाही.
अर्धवट ताणलेला मात्र
दर फेरीला जरासा जागा होतो,
सेकंदाला दीडशे वेळा,
आणि जागरणाने मरतो.

किती ताणायचा? पंधरा शतांश मिलिमीटर.
दोन केस शेजारी ठेवा, तेवढा.
टॉर्क पाना टक् करतो, त्यावर ती जात नाही;
मनगटाच्या जोरातले दहातले नऊ हिस्से घर्षणच खातं,
पाना त्याचीच फुशारकी मारतो.
म्हणून आट्यांना वंगण, डोक्याखाली वंगण,
कसायचा, सोडायचा, पुन्हा कसायचा,
आणि दर वेळी लांबी मोजायची.

तिच्या बापाला म्हणे मनगटातच कळायचं.
त्याने मनगटाने कसलेलं शेवटचं इंजिन
मागच्या अंगणात पडलंय,
कुशीला ताटलीएवढं भोक.
आत एक तांबडी कोंबडी अंडी घालते.
रॉड ज्या वाटेने बाहेर आला
त्याच वाटेने ती आत जाते.

मागच्या शर्यतीनंतर आज सोडलेले बारा.
एक, जसा होता तसा. दोन, तसाच.
तादेओ वहीत उतरवतो, जुन्या आकड्याखाली नवा.
सहा, तसाच.
सात.
नेल्दा पुसून पुन्हा मोजते.
टोकं उलटी करून पुन्हा.
मग तादेओला मोजायला देते, स्वतः खिडकीबाहेर बघते.
"तीन शतांश जास्त," तो हळू म्हणतो.

रुफिनो बासाबेर दहाला येतो, बुटांना शेताचा चिखल.
रविवारी शर्यत. गाडीवर तीन दुकानांची नावं रंगवलेली,
एक त्याच्या सासऱ्याचं.
"तीन शतांश? अगं, नखाखालचा मळ जास्त असतो!"
"त्याला सोडल्यावर मूळ लांबीवर यायचं होतं.
आला नाही."
"एक शर्यत काढेल."
"काढेलही."
एवढंच म्हणून ती बोल्ट त्याच्या तळहातावर ठेवते.
तो वळवून बघतो. दिसण्यासारखं काहीच नाही,
चकचकीत, सरळ, नवऱ्या मुलासारखा.
मग तो मागच्या अंगणाकडे बघतो
आणि खुर्ची ओढून बसतो.

रात्रीच्या बसने तादेओ ब्युनोस आयर्सला गेला,
शर्टाच्या आतल्या खिशात तिच्या अक्षरातली चिठ्ठी:
जोडीच आण, एकटा नको,
आणि कागदातून काढून बघू नकोस.

रविवारी ती धावपट्टीकडे पाठ करून
शेडच्या पत्र्याला टेकून उभी होती.
डोळ्यांचा काय उपयोग?
सरळ रस्त्यावर आवाज चढत गेला, चढत गेला,
वळणावर उतरला, पुन्हा चढला.
रुफिनो सातवा आला.
तादेओला हसू आवरेना. ती हसली नाही.

सोमवारी हात धुतले, दोनदा.
इंजिन उघडलं.

लांब झालेला सातवा आता खुराड्याच्या दाराला आहे,
कडीच्या जागी.
संध्याकाळी सरकवायचा, सकाळी काढायचा.
कधीतरी जाता जाता
तादेओ त्याला मायक्रोमीटर लावून बघतो.